फुरसतीची कला : धानाच्या लोंब्यांचे तोरण



चित्रांच्या पुस्तकातून नमुना उतरवून घ्यावा, शहरातून रंगीत तार व चमकीचा कागद मागवावा आणि दाराला तोरण करावे, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. पाहणारे विचारीत, "कोणत्या दुकानातून आणले?" आणि हीच मोठी प्रशस्ती, असे मला वाटे. एके दिवशी शेजारच्या आजींनी ते तोरण हातात घेऊन निरखले आणि म्हटले, "साजरं आहे बाई. पण ह्यात आपल्या लांजीचं काय आहे?" मला उत्तर सुचले नाही. आजींनी अंगणातील तणसाच्या ढिगाकडे नुसते बोट दाखविले.

आमचा हा मुलूख धानाचा. आजींच्या माहेरी नवे धान घरी आले म्हणजे लोंब्यांचे तोरण दाराला बांधीत. शेजारच्या छत्तीसगढात अशा झालरी आजही विणतात आणि त्यांतील दाणे चिमण्यांना खुशाल टिपू देतात. गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. राय गावी ५ ऑगस्टला नव्या कणसांना आशीर्वाद दिला जातो. मुंबईचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरात आगेरा साजरा करतात. ज्या कणसाला वेदीपाशी मान, ते दाराची शोभा होण्यास अयोग्य कसे असेल?

आता कृती सांगते. लोंब्या पूर्ण पिकण्याच्या थोड्या अगोदर कापाव्या. फार पिकल्या म्हणजे विणताना दाणे गळतात. काडी शेवटच्या पेराच्या वरून कापावी. तेथून लोंबीपर्यंतचा भाग सर्वांत लांब, सरळ व गुळगुळीत असतो. पाने काढून जुड्या सावलीत उलट्या टांगून वाळवाव्या. कामास बसण्यापूर्वी काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्या, म्हणजे वाकविताना मोडत नाहीत. मग तीन काड्यांची वेणी घालावयास आरंभ करावा आणि प्रत्येक वळणावर एकेक नवी काडी आत घ्यावी. लोंब्या खाली ओळीने लोंबत्या राहतील. टोके सुती दोऱ्याने बांधावी. माझे पहिले तोरण मी ओलेच भिंतीला टांगले आणि आठ दिवसांत त्यावर बुरशी चढली! म्हणून विणून झाल्यावर ते वाऱ्यावर नीट सुकवावे.

नक्षी कोठून आणावी? मी आता पुस्तक उघडीत नाही. बांबूच्या तट्ट्याची तिरपी वीण पाहिली आणि तिच्यावरून वेणीच्या वर चौकटींची जाळी केली. सुपाच्या काठाची गुंफण पाहिली, तिची किनार झाली. तारेला हवे तसे वाकविता येते. काडी मात्र आपला कल सांगते, आणि तो ऐकला म्हणजे नक्षी आपोआप नेटकी होते. परदेशीही ही कला मानाची आहे. जपानात भाताच्या काडाचे दोर वळून देवस्थानी बांधतात. बेलारूसच्या काडकामाला २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावी नाताळचा देखावा मांडला, तेव्हा गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढ्यावरच त्याचे भागले.

परंतु एक चिंता मनाला लागून राहिली आहे. लांब काडी आता दुर्मीळ होत चालली आहे. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आय.आर. ८ हे बुटके वाण प्रसृत केले. उंच धान खताने माजून आडवे पडे. बुटके उभे राही आणि दाणा पुष्कळ देई. त्याने कित्येकांच्या ताटात भात आला, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र काडी आखूड झाली. त्यात हार्वेस्टर आले. त्यातून बाहेर पडणारे तणस चुरगळलेले असते. आमच्या बालाघाटच्या सुवासिक चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन लाभले, ही आनंदाची गोष्ट. असे जुने उंच धान टिकले तर त्याची काडीही टिकेल.

आजींची बोटे आता वळत नाहीत. त्या खाटेवर बसून तोंडाने सांगतात आणि मी विणते. जाळीचा एक पेच मला अद्याप साधलेला नाही. गेल्या हंगामात शेजारच्या बांधीत यंत्र आले, तेव्हा मी धावत जाऊन मालकांना विनविले, "भाऊ, काठावरच्या दोन ओळी तेवढ्या ठेवा." ते हसले, पण त्यांनी ठेविल्या. त्या मी विळ्याने कापल्या. त्या दोन ओळींतून तीन तोरणे झाली. पहिले आजींच्या दारी बांधले. त्यांनी तो चुकलेला पेच बोटाने चाचपला आणि म्हटले, "पुढच्या साली जमेल."

वाचकहो, आपल्या शेजारीही एखाद्या आजी असतील. यंत्र येण्यापूर्वी ओंजळभर लोंब्या राखून ठेवा आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा. मला तो पेच पुढच्या हंगामापर्यंत शिकावयाचा आहे; फार लांबणीवर टाकण्याजोगे हे काम नाही.