'खाजगी' म्हणजे कोणाला उघडं?

विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर घरातल्या वायफायला जोडला की ते जाळं दोन खान्यांपैकी एकात पडतं. एकाचं नाव 'प्रायव्हेट', दुसऱ्याचं 'पब्लिक'. कोणालाही वाटेल की 'प्रायव्हेट' म्हणजे आपलं सामान झाकलेलं आणि 'पब्लिक' म्हणजे उघडं. प्रत्यक्षात उलट आहे. 'पब्लिक' असलं की आपला कॉम्प्युटर त्या जाळ्यावरच्या इतरांपासून लपतो. 'प्रायव्हेट' केलं की तो इतरांना दिसू शकतो आणि त्यातले फोल्डर एकमेकांत वाटून घेण्याची वाट मोकळी होते. म्हणजे स्टेशनवर, हॉटेलात अंग चोरून बसायचं, आणि घरी दार सताड उघडं टाकायचं. घरात परकं कोण असतं?

हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, मैत्रिणींनो. 'घरातली बाब' म्हणून पोलीस ठाण्यातून परत पाठवलेल्या किती बायका आपण पाहिल्या! उंबऱ्याच्या आत धोका असू शकतो हे मान्य करून घ्यायला चळवळीला किती वर्षं झगडावं लागलं! १९८३ साली ४९८अ आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला आणि २६ ऑक्टोबर २००६पासून तो लागू झाला. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांची समजूत मात्र तिथेच आहे: चोर बाहेरून येतो, आणि घर म्हणजे एक मन, एक हित, एक कुलूप. २००९मध्ये विंडोज ७बरोबर 'होमग्रुप' नावाची सोय आली होती. अख्ख्या घराला मिळून एकच पासवर्ड, तो घातला की घरातले कॉम्प्युटर फोटो, गाणी, प्रिंटर वाटून घेऊ लागत. २०१८मध्ये ती सोय काढून टाकली गेली. समजूत काही गेली नाही.

हे लोक बायकांच्या वाइटावर टपले आहेत असं मला म्हणायचं नाही. घर कसं चालतं हे त्यांनी घरातल्या कर्त्याच्या खुर्चीवरून पाहिलं, एवढंच.

गेल्या काही वर्षांत आमच्या केंद्रात आलेल्या बायकांपैकी एकीची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती शिकवण्या घेते. घरात दोन कॉम्प्युटर, एक तिच्या टेबलावर, दुसरा नवऱ्याचा लॅपटॉप. मारहाण झाली की ती त्या दिवशीची तारीख घालून चार ओळी लिहायची, अंगावरच्या वळांचे फोटो जपून ठेवायची, दवाखान्याचा कागद स्कॅन करायची. आपणच तिला हे सांगतो, नाही का, की पुरावा ठेव? हे सगळं तिच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये एका फोल्डरात होतं आणि फोल्डरचं नाव 'नववी गणित' होतं. पण काही वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिका लॅपटॉपवरून छापता याव्यात म्हणून घरातल्याच एका हुशार पोराने तिचं अख्खं 'डॉक्युमेंट्स' शेअर करून दिलं होतं. काम झालं, सगळे विसरले. ती अर्ज करायला आमच्याकडे आली त्याच्या आधीच नवऱ्याने सगळं वाचलेलं होतं. पलंगावर बसून, तिच्या टेबलाला हातही न लावता. आणि नुसतं वाचलं नाही, पुसून टाकलं.

पुसण्याबद्दल इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्याच कॉम्प्युटरवर नेहमीसारखी फाइल डिलीट केली तर ती कचऱ्याच्या टोपलीत जाते, तिथून परत काढता येते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, जाळ्यातून, शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल डिलीट केली तर साधारणपणे ती टोपलीत जातच नाही. तिच्या बाबतीत तेच झालं. दवाखान्यातल्या मूळ नोंदी होत्या म्हणून निभावलं.

फोल्डर शेअर करताना कॉम्प्युटर दोन गोष्टी विचारतो: कोणाला, आणि किती? 'किती' म्हणजे नुसतं वाचायचं की बदलायचं-पुसायचंही. 'कोणाला' याच्या यादीत एक नाव असतं 'एव्हरीवन', म्हणजे सगळे. घाईत असलेला माणूस तेच निवडतो. त्याशिवाय पासवर्ड विचारण्याचं एक वेगळं बटण असतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फोल्डर उघडेना झालं की शहाणे लोक पहिल्यांदा ते बंद करतात. मग त्या वायफायवर आलेला कोणीही, अगदी मोबाइलवरूनसुद्धा, ते फोल्डर उघडू शकतो. वायफायचा पासवर्ड दिराला, जावेच्या भावाला, वरच्या मजल्यावरच्यांना दिलेला असतोच.

याच्याही मुळाशी जायचं तर ॲडमिनिस्ट्रेटर कोण, हे बघायला हवं. ज्याच्याकडे कॉम्प्युटरचं हे खातं, तो इतरांच्या फोल्डरचा ताबा स्वतःकडे घेऊ शकतो. घरात ते खातं कोणाच्या नावाने असतं? ज्याच्या नावाने गॅस, वीज आणि सात-बारा असतो त्याच्याच. बाईचं खातं पाहुणीसारखं, किंवा नसतंच. 'आपलं काय वेगळं असायचंय' म्हणत ती नवऱ्याच्याच खात्यात काम करते.

इथे मला २००५च्या कायद्यातला 'शेअर्ड हाउसहोल्ड' हा शब्द आठवतो. सामायिक घर. घरावर बाईची मालकी असो वा नसो, त्यात राहण्याचा हक्क कलम १७ तिला देतं. २००६च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आवळला आणि सासूच्या मालकीचं घर सुनेचं सामायिक घर होत नाही असं म्हटलं. हा अर्थ पुसला जायला ऑक्टोबर २०२० उजाडावं लागलं. सामायिक म्हणजे काय, हे ठरवण्यात चौदा वर्षं गेली. कॉम्प्युटरवर तो शब्द एका टिचकीत ठरतो आणि बहुतेक वेळा ठरवणारी ती नसते. घरात ज्याला सामायिक म्हणतात ते पुष्कळदा एकाचं असतं आणि बाकीच्यांना वापरायला दिलेलं असतं.

आता आपल्या स्वतःच्या कामाकडे बघू, कारण मला जास्त काळजी तिथली आहे. एमएसडब्ल्यू करताना गोपनीयता शिकवली गेली ती लोखंडी कपाटाच्या भाषेत: केसपेपर कुलपात, किल्ली समुपदेशकाकडे. २०२०च्या टाळेबंदीत कपाटं केंद्रात राहिली आणि केसपेपर घरच्या कॉम्प्युटरवर आले. त्यातले बरेच अजून तिथेच आहेत. ज्या घरात कार्यकर्ती राहते त्या घरातही एक वायफाय असतं, एक ॲडमिनिस्ट्रेटर असतो, आणि 'तुझ्या त्या बायकांचं काय चाललंय' असं विचारणारं कोणीतरी असतं. बलात्कार झालेल्या बाईची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड विधानाचं कलम २२८अ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. घरच्या फोल्डरात कोणी डोकावलं तर ते 'प्रसिद्ध करणं' होतं की नाही हा वाद वकिलांनी घालावा. ज्या बाईने आपल्यावर विश्वास टाकला तिच्या दृष्टीने त्याने काय फरक पडतो?

माझं स्पष्ट मत आहे की केसची नोंद घरच्या जाळ्यावर शेअर केलेल्या फोल्डरात असताच कामा नये. पासवर्ड घालूनही नाही. कारण शेअरचं कुलूप फक्त जाळ्यातून येणाऱ्याला अडवतं, त्या कॉम्प्युटरसमोर येऊन बसलेल्याला नाही.

म्हणून शेअरिंगच वाईट, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. केंद्रात दोन जुने कॉम्प्युटर असतील तर बचत गटांचे हिशेब, पत्रकं, शिबिरांची यादी एका सामायिक फोल्डरात ठेवण्यासारखी सोय नाही. पेनड्राइव्ह फिरवायला नको, महिन्याचं भाडं नको, इंटरनेट गेलं तरी काम चालू. फक्त कॉम्प्युटर फार जुने नकोत. मे २०१७मध्ये जगभर पसरलेला 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातूनच एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर गेला होता. आणि आपल्याला देणगीत मिळतात ते कॉम्प्युटर कसे असतात, ते मी सांगायला नको.

बाई समुपदेशनाला येते तेव्हा मारहाण, पैसा, मुलं याबरोबर हेही विचारायला हवं: घरात वायफाय कोणी बसवलं, कॉम्प्युटर सुरू करताना कोणाचं नाव येतं, लिहिलेलं कुठे ठेवतेस? पण घरी जाऊन लगेच शेअरिंग बंद कर असं तिला सांगू नका. काल उघडणारं फोल्डर आज उघडलं नाही तर त्याला कळेल की हिला कोणीतरी शिकवतंय, आणि त्या रात्री आपण तिथे नसतो. सुरक्षेचा विचार आधी. तोवर तिचे कागद केंद्रातल्या कॉम्प्युटरवर, सांकेतिक करून ठेवलेल्या डिस्कवर राहू द्यावेत, नाहीतर तिच्या विश्वासातल्या माणसाकडे. घरातल्या मूळ फाइलींचं काय करायचं ते तिने ठरवावं.

आणि केंद्रातला ॲडमिनिस्ट्रेटर कोण? बऱ्याच ठिकाणी एखाद्या कार्यकर्तीचा भाऊ, नाहीतर महिन्यातून एकदा येणारा दुरुस्तीवाला. पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'नेट शेअर' हे दोन शब्द टाइप केले की त्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या सगळ्या फोल्डरांची यादी येते. त्यात सी, ॲडमिन आणि आयपीसी या नावांपुढे डॉलरचं चिन्ह दिसलं तर घाबरू नका, ती विंडोजने स्वतः केलेली असतात. बाकीची नावं एकेक करून मोठ्याने वाचा आणि हे कोणी उघडलं, कधी, कोणासाठी, ते विचारा.