कारखान्यासाठी रडलात, हत्यारांचं काय?

सप्टेंबर २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार हे कळलं, तेव्हा इथे ऑकलंडमध्येसुद्धा आमच्या व्हॉट्सॲप गटावर सुतक पडलं होतं. एक लाख ५४ हजार कोटी हा आकडा प्रत्येकाच्या तोंडी. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतलं, तेव्हा त्याच गटावर ‘बरं झालं, गेलं ते’ म्हणणारेही निघाले. या दहा महिन्यांत चिप आखतात कशी, तपासतात कशी, तिला वीज कशी पुरवतात, यावर एक ओळही कोणी लिहिली नाही. मीही नाही.

म्हणून आता लिहितो. आपण चुकीच्या गोष्टीसाठी रडतो. कारखाना ही फार पुढची पायरी आहे. त्याआधी डिझाइनची हत्यारं लागतात, चाचणीची शिस्त लागते आणि विजेचा हिशेब लागतो. या तिन्ही गोष्टी तळेगावच्या जमिनीवर अवलंबून नाहीत. आपल्या मुलांच्या हातात काय आहे, यावर आहेत.

मी राहतो ओटाहुहुमध्ये. मनुकाऊ बंदर आणि तामाकी नदी यांच्यामध्ये इथे जेमतेम १.२ किलोमीटर जमीन आहे. पूर्वी माओरी लोक आपल्या होड्या इथून ओढत या समुद्रातून त्या समुद्रात नेत. आज याच चिंचोळ्या भागातून ऑकलंडची वीज जाते. १२ जून २००६ च्या सकाळी जोराच्या वाऱ्यात इथल्या उपकेंद्रातली तार धरून ठेवणारी एक गंजलेली कडी तुटली, तार खालच्या वाहिन्यांवर पडली आणि सुमारे निम्मं शहर काही तास अंधारात गेलं. शेजारीच गॅसवर चालणारं वीजकेंद्र होतं. वीज नव्हती असं नाही, ती पोचत नव्हती. आणि ती कडी वेळेवर कोणी तपासली नव्हती.

चिपचं दुखणं नेमकं हेच आहे, फक्त नखाएवढ्या जागेत. शंभर वॅटचा प्रोसेसर एक व्होल्टवर चालवायचा तर त्यात शंभर अँपिअर प्रवाह सोडावा लागतो. वाटेत फक्त एक मिलिओहम रोध आला की एक दशांश व्होल्ट वाटेतच खर्च होतो, म्हणजे दहा टक्के गळती. टोकाच्या ट्रान्झिस्टरला पुरेसा दाब मिळत नाही, तो मंदावतो आणि उत्तर चुकतं. उलट, चिपला कमी दाबावर काम करायला शिकवलं तर फायदा दामदुप्पट, कारण सर्किट उघड-बंद होताना लागणारी वीज दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहा टक्के उतरवा, ती वीज १९ टक्के वाचते. ही बचत कारखान्यात होत नाही, ती आराखड्यात होते. कागदावर, संगणकावर, डोक्यात.

चाचणीचंही तसंच. ३२ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारं साधं सर्किट घ्या. त्याला देता येतील अशा सगळ्या जोड्या सेकंदाला शंभर कोटी या वेगाने तपासल्या, तरी ५८५ वर्षं लागतील. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी सुरुवात केली असती, तर आत्ता कुठे संपत आली असती. म्हणून चिप आखतानाच तिच्या पोटात तपासणीची वाट ठेवावी लागते. आतल्या स्मृतिपेशी एका साखळीत ओवायच्या, हवा तो नमुना आत ढकलायचा आणि उत्तर बाहेर ओढून ताडून पाहायचं. गंमत अशी की, या तपासणीत एरवीपेक्षा जास्त भाग एकदम हलतात, म्हणून वीजही जास्त लागू शकते. तपासतानाच चांगली चिप नापास होऊ नये, याचाही हिशेब आधीच करावा लागतो. आराखडा, चाचणी आणि वीज हे तीन वेगळे विषय नाहीतच. आपल्या अभ्यासक्रमात मात्र ते तीन वेगळे पेपर असतात.

आता हत्यारांकडे वळू. ही कामं करणारी सॉफ्टवेअर मुख्यतः तीन कंपन्यांकडे आहेत: सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्स. मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या पत्रांनी चीनला ही सॉफ्टवेअर विकण्यावर बंधन आलं, जुलैच्या सुरुवातीला ते उठलं. चीनकडे कारखाने होते, इंजिनिअर होते, पैसा होता. तरी एका पत्राने घाम फुटला. उद्या आपल्याकडे दहा तळेगावं उभी राहिली, तरी हत्यार भाड्याचं असेल तर मालक दुसराच.

माझा भाचा महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बाहेर पडला. चिप डिझाइनच्या पेपरात त्याला उत्तम गुण आहेत. चिपचा आराखडा मात्र त्याने पडद्यावर एकदाही उघडला नाही. लायसन्स मोजकी, प्रयोगशाळेला कुलूप, जर्नल मागच्या वर्षीच्या मुलाकडून उतरवलेलं. त्याला दोष कसा देऊ?

‘फुकटातली साधनं कच्ची असतात,’ असं आपल्यातलेच मोठ्या कंपन्यांतले लोक म्हणतात. त्यांनी जरा मागे वळून पाहावं. सर्किटची नक्कल करणारं स्पाइस १९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात घडलं आणि मोकळेपणाने वाटलं गेलं, म्हणूनच ते सगळ्या उद्योगाची भाषा झालं. आज त्याच वंशातलं एनजीस्पाइस वापरून मुंबईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने ईसिम हे मोफत साधन उभं केलं आहे. त्याच संस्थेत अजित हा प्रोसेसर आखला गेला, तोही तिथेच घडवलेल्या अहिर या साधनसंचाच्या आधारे, आणि मोहालीच्या एससीएलमध्ये १८० नॅनोमीटरवर तो तयार झाला. म्हणजे हे आपल्या घरचं उदाहरण आहे. त्यावर आपल्या गटात सुतकही नव्हतं आणि सोहळाही नव्हता.

आक्षेपात तथ्य आहे, ते मान्य करतो. तीन नॅनोमीटरची चिप आज मोफत साधनांनी होणार नाही. मोकळ्या वाटेवर खड्डेही आहेत: अशा आराखड्यांच्या चिप बनवून देणारी ईफॅबलेस ही कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली. पण कंपनी बुडाली म्हणून हत्यारं बुडाली नाहीत. गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये खुली केलेली १३० नॅनोमीटरची तांत्रिक माहिती आजही कोणीही उतरवून घेऊ शकतं. योसिस आणि ओपनरोड चालूच आहेत. पोहायला शिकायला अरबी समुद्र लागत नाही, गावची विहीर पुरते.

म्हणून परदेशातल्या आपल्या लोकांना, स्वतःला धरून, विचारतो. आपण गावाकडच्या महाविद्यालयाला देणगी देतो, आईवडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लावतो आणि पाटीखालच्या खोलीत दहा संगणक धूळ खातात. त्याऐवजी त्याच संगणकांवर ही साधनं बसवून द्या. आपल्यातले किती जण रोज हेच काम करतात! त्यांनी महिन्याचे दोन रविवार द्यावेत, मुलांचा आराखडा मराठीत बोलत तपासावा. एखाद्या गटाची चिप खरोखर बनवून घेण्याचा खर्च मंडळाने उचलावा. गणेशोत्सवातल्या एका जेवणावळीहून तो फार मोठा नसेल.

भाच्याच्या लॅपटॉपवर गेल्या महिन्यात ईसिम बसवून दिलं. पहिलं सर्किट चाललं नाही, दुसरं चाललं. त्या रात्री त्याने मला फोन करून अर्धा तास फक्त विजेच्या गळतीबद्दल विचारलं. पुढचा तळेगावचा निरोप गटावर येईल तेव्हा मी त्याला इतकंच उत्तर देणार आहे: कारखाना येईल तेव्हा येईल; आपल्या वाटणीची कडी तपासली का?