नुसते ओठ हलव!

गेल्या महिन्यातला एक शनिवार. पहाटे साडेपाचला मी आमच्या टेंभुर्णीच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा आणि शेजारी आठवीतली माझी एक विद्यार्थिनी. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाळांतून निवडलेल्या साठ-पासष्ट मुलामुलींचं समूहगान सोलापुरात बसवायचं होतं. शनिवारी दिवसभर तालीम, रात्री मुक्काम, रविवारी सकाळी पुन्हा तालीम आणि संध्याकाळी कार्यक्रम. आमच्या शाळेतून ही एकटीच निवडली गेली होती.

तिच्या घरचे सहजासहजी तयार झाले असं मात्र समजू नका हं! वडील म्हणाले, "गाणं शिकून करायचंय काय? आणि मुलीच्या जातीनं रात्री परगावी राहायचं?" शेवटी "बाई स्वतः सोबत असतील तर" या अटीवर होकार मिळाला. मग तोच प्रश्न माझ्या घरी! मी तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई. शनिवार-रविवार म्हणजे आठवड्याची साठलेली कामं उपसायचे दिवस. पण सासूबाईच म्हणाल्या, "जा तू. दोन दिवस पिठलं-भाकरी खाऊन कुणी मरत नाही." झालं, निघालो.

ही मुलगी म्हणजे आमच्या शाळेचा गळा. पंधरा ऑगस्ट असो की स्नेहसंमेलन, माइक तिच्यापुढेच. मोडनिंब गेलं, मोहोळ गेलं, तरी तिची बडबड चालूच. "बाई, मला मधलं कडवं एकटीला मिळेल का हो?" मीही मनात तेच धरून होते.

तालमीला सुरुवात झाली आणि पहिली वीस मिनिटं गाणं म्हणून नाहीच! गाणं बसवणाऱ्या सरांनी पेटीवर एक सूर धरला आणि तोंड मिटून नुसता हुंकार भरायला सांगितला. मुलांच्या माना ताणलेल्या दिसताच पट्टी खाली घेतली. नववीतल्या ज्या मुलांचे आवाज फुटत होते, त्यांना गप्प न बसवता खालच्या सप्तकात गायला लावलं. मग गाण्याची पहिली ओळ. दुसऱ्या मिनिटाला सर थांबले.

"तिसऱ्या रांगेतून एक आवाज वेगळा येतोय. आवाज छान आहे. पण मला तो ओळखू यायला नको."

तिसऱ्या रांगेत आमचीच गानकोकिळा! एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले. रात्री ती जेवली नाही. आईला फोन करून रडली, आणि मग तिच्या आईचा मला फोन. "बाई, पोरीचा आवाज दाबायला नेलंत का एवढ्या लांब?" काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. खरं सांगू? मलाही वाईटच वाटलं होतं.

पण दुपारची एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. एका लहानशा गावाहून आलेली एक मुलगी होती. तिच्या शाळेत पेटीच नव्हती. गळा गोड, पण सूर टिकेना, घसरून खाली यायचा. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा मी मागच्या खुर्चीवर अगदी सावरून बसले. आता ते काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. कारण गेली दहा-बारा वर्षं तेच वाक्य मी वर्गात म्हणत आले आहे : "तू नुसते ओठ हलव!"

सर ते म्हणाले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "तुला सोपा जाईल तो सूर लाव बघू." तिनं लावला. सरांनी पेटीवर तोच सूर शोधला आणि तिथून एकेक पायरी चढवत तिला सगळ्यांच्या सुरापर्यंत आणलं. दहा मिनिटं लागली असतील. मग तिला तिसऱ्या रांगेत आमच्या मुलीच्या शेजारी उभं केलं आणि आमच्या मुलीला म्हणाले, "हिला तुझा आवाज ऐकू येऊ दे, आणि तुला हिचा."

रात्री अंथरुणं घातल्यावर पाहते तो काय, या दोघी कोपऱ्यात बसून हळू आवाजात गात होत्या. आमची मुलगी एका कानावर हात ठेवून तिला दाखवत होती, "असा हात ठेवला ना, की आपलाच आवाज आपल्याला नीट ऐकू येतो." मघाचं रडणं कुठल्या कुठे गेलं होतं.

रविवारी कार्यक्रमाला तिचे आईवडील दोघंही एस.टी.नं आले. साठ-पासष्ट मुलं गायली, पण एका गळ्यातून यावा तसा सूर! लांबलचक ओळ मध्ये कुठंही तुटली नाही. त्याची युक्ती मला आदल्या दिवशी कळली होती. सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचाच नाही. एक घेतो तेव्हा शेजारचा गात असतो, शेजारचा घेतो तेव्हा हा गातो. त्यामुळे कुणाचा दम जात नाही आणि ओळही थांबत नाही.

कार्यक्रम संपल्यावर आई म्हणाली, "सगळं छान झालं गं, पण तुझा आवाज काही ऐकू आला नाही."

मुलगी हसली. "अगं आई, ऐकू आला असता तर चुकलं असतं! आणि ती माझ्या शेजारची पाहिलीस ना? तिचा सूर एकदासुद्धा पडला नाही." एवढं कौतुक तिनं स्वतःच्या बक्षिसांचंही कधी केलं नव्हतं. वडील काही बोलले नाहीत, पण परतीच्या गाडीत त्यांनी तिला खिडकीची जागा दिली.

मी मात्र त्या गाडीत गप्प होते. मला एक जुनी विद्यार्थिनी आठवत होती. नऊ वर्षांपूर्वी ती सातवीत होती. समूहगीताच्या वेळी मी तिला शेवटच्या रांगेत उभी करून "नुसते ओठ हलव" म्हटलं होतं आणि विसरूनही गेले होते. यंदा दिवाळीनंतर ती बाजारात भेटली. माहेरी आली होती, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. मी सहज म्हटलं, "काय गं, अंगाई म्हणतेस की नाही याला?" ती ओशाळून म्हणाली, "नाही बाई. मोबाईलवर लावते. माझा आवाज चांगला नाही ना, तुम्हीच म्हणाला होतात." तिच्या मनात राग नव्हता. तिला ते खरंच वाटत होतं. मैत्रिणींनो, माझ्या एका वाक्यानं त्या लेकराची अंगाई गेली!

आपण पंढरपूरच्या शेजारची माणसं. वारी आपल्या अंगणातली. दिंडीत वीणेकरी असतो, पखवाज असतो, टाळकऱ्यांच्या रांगा असतात. पुढचा चरण उचलतो, मागचे धरतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या आजीचा आवाज चिरका असो की घोगरा, तिला कधी कुणी म्हणतं का, "तुम्ही नुसते ओठ हलवा"? मग शाळेतच हे कुठून आलं?

संगीतकार वसंत देसाई (१९१२ – १९७५) आपल्याला 'अमर भूपाळी' आणि 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटांमुळे माहीत असतात. शाळांतून अजूनही म्हटल्या जाणाऱ्या दोन प्रार्थनांच्या चालीही त्यांच्याच, एक 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधली आणि दुसरी 'गुड्डी' (१९७१) मधली. शांतारामबापूंचा तो कैद्यांवरचा चित्रपट ज्या प्रयोगावरून सुचला, तो आपल्या सांगोल्याशेजारच्या आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात झालेला. एवढं मोठं नाव मिळवूनही हा माणूस शाळकरी मुलांना एकत्र गायला शिकवायचा. त्यांच्या त्या उपक्रमाचं नावच 'एक सूर एक ताल'. त्या नावाचा अर्थ मला सोलापूरच्या त्या दोन दिवसांत उमगला.

आता आपल्या घरच्या गोष्टी. तुमच्या मुलाची किंवा मुलीची अशी निवड झाली तर काय कराल?

पहिलं म्हणजे पाठवा. सोबतीला कोण बाई आहेत, मुक्काम कुठं आहे, हे आधी विचारून घ्या आणि मग निश्चिंत व्हा. डब्यात दशम्या किंवा धपाटे द्या, दोन दिवस मऊ राहतात. आपली शेंगांची चटणी आणि कडक भाकरी कितीही आवडती असली तरी गाण्याच्या आधी नको, तिचे कण घशात अडकून ठसका लागतो. बाटलीत साधं पाणी द्या आणि थोडं थोडं पीत राहायला सांगा. गळा बसला तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात आणि बोलणं कमी करावं. आदल्या दिवशी मैदानावर ओरडायला मात्र सक्त मनाई!

दुसरं, मूल बेसूर गातं असं वाटलं तर घाईनं शिक्का मारू नका. बऱ्याचदा गाणं त्याच्या गळ्याला फार उंच किंवा फार खाली धरलेलं असतं. त्याला झेपेल त्या पट्टीत म्हणू द्या आणि तुम्ही त्याच्या सुरात सूर मिळवा. सूर मुळीच न कळणारी माणसं फार थोडी. बाकीच्यांना फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

तिसरं, घरी आल्यावर "तुझा आवाज ऐकू आला का?" असं विचारू नका. "तुझ्या शेजारी कोण होतं?" असं विचारा. मग बघा किती बोलतं ते!

आमच्या वर्गात आता शेवटची रांगही गाते. पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी खिडकीतून डोकावून "आज काय झालंय?" असं विचारलं खरं. पण आता थोडं जमायला लागलंय. आणि त्या माहेरवाशिणीला मी घरी चहाला बोलावलं. "चुकलं गं माझं," म्हटलं. ती "इश्श! एवढं काय त्यात, बाई," म्हणाली आणि बाळाला थोपटत राहिली. गायली नाही ती. इतक्या वर्षांचं एका चहानं कसं सुटणार?

तुमच्यापैकीही कुणाला लहानपणी शेवटच्या रांगेत उभं करून माझ्यासारख्या एखाद्या बाईंनी गप्प बसवलं असेल. आज रात्री मोबाईल बाजूला ठेवा, दिवा मालवा आणि लेकराजवळ बसून दोन ओळी म्हणा. त्याला तुमचाच आवाज हवा असतो. चूक त्या बाईंची होती.