औषध कुणी सोडले?

धर्मग्रामाच्या मदत मंडळाच्या बैठकांतून एक वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. क्षयाच्या एखाद्या रुग्णासाठी अर्ज येतो आणि कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, ‘‘फादर, औषध सरकार फुकट देते; तरी ही माणसे डोस पुरा करीत नाहीत. आपण तरी काय करणार?’’ माना डोलतात, अर्ज बाजूला पडतो. मान डोलावणाऱ्यांत मीही होतो. सरकारी दप्तरात अशा रुग्णाला पुष्कळ वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत. म्हणजे कर्जबुडव्या! जणू आरोग्य त्याला उसने दिले होते.

ते वाक्य अन्यायाचे आहे, आणि हे 1991 सालीच पुराव्यानिशी छापून आले आहे.

डॉ. पॉल फार्मर हे हार्वर्डचे वैद्य आणि मानववंशशास्त्रज्ञ. 1983 साली ते प्रथम हैतीत गेले आणि तेथल्या कांज या वस्तीशी जन्माचे बांधले गेले. धरणाच्या पाण्याने जमिनी गिळलेले शेतकरी तेथे राहत. 1988 च्या डिसेंबरात दवाखान्याचे तीन क्षयरुग्ण दगावले. तिघेही चाळिशीतले. कर्मचाऱ्यांत वाद पेटला. लोक रोगाला करणी समजतात म्हणून औषध सोडतात, असे काहींचे मत. काहींनी दारिद्र्याकडे बोट दाखविले. फार्मर यांनी ते तपासूनच पाहिले. रुग्णांचे दोन गट केले. औषध दोघांनाही फुकट. एका गटाला मात्र त्याशिवाय गावातल्याच आरोग्यसेवकाची नित्य घरभेट, अन्नासाठी काही महिने थोडी रक्कम आणि येण्याजाण्याचा खर्च. त्या गटातला प्रत्येक रुग्ण बरा झाला. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. करणीवरचा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता, पण औषध घेण्या-न घेण्याशी त्याचा काही संबंध आढळला नाही.

पुढची कथा आपल्याला अधिक जवळची. पेरूची राजधानी लिमा. तिच्या काठावरच्या काराबाय्यो या झोपडवस्तीत बोस्टनचे फादर जॅक रूसिन सेवा करीत. 1995 साली ते क्षयाने वारले. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा तो क्षय होता आणि वस्तीत तो इतरांनाही जडला होता. अशा रुग्णांवर गरीब देशांत उपचार करणे परवडणारे नाही, असे तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेतच मानले जाई. परवडणारे नाही! कुणाला? फार्मर आणि त्यांचे सहकारी जिम योंग किम यांनी वस्तीतच उपचार मांडले. चार महिने किंवा अधिक काळ उपचार घेतलेल्यांपैकी 83 टक्के बरे झाल्याचे 2003 साली प्रसिद्ध झाले.

पैसा मर्यादित असतो, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. धर्मग्रामाच्या जमाखर्चाची वही मलाही दर महिन्याला घाबरवते. पण त्या महागड्या औषधांपैकी काहींच्या किमती 2000 पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक उतरल्या, आणि त्या उतरल्या कुणीतरी ‘परवडत नाही’ हे उत्तर मानण्यास नकार दिला म्हणून.

फार्मर यांनी हा नकार ज्यांच्याकडून घेतला ते पेरूचेच धर्मगुरू गुस्ताव्हो गुत्येरेस. सेमिनरीत त्यांचे नाव आम्ही दबक्या आवाजात घेत असू. गरिबांना अग्रक्रम द्या, हे त्यांचे म्हणणे. रोग आधी गरिबाचे दार ठोठावतो, मग वैद्यानेही आधी तेच दार ठोठावावे, असा फार्मर यांनी त्याचा अर्थ लावला. 2022 साली रुआंडात, रुग्णालयाच्या परिसरातच त्यांचे निधन झाले.

आपल्या सरकारनेही 2018 पासून क्षयरुग्णाला आहारासाठी दरमहा 500 रुपये देऊ केले. 2024 च्या नोव्हेंबरात ते 1000 झाले. म्हणजे रोगाचे मूळ पोटात आहे, हे दप्तरालाही कळले. राहिलो आहोत ते आपण, बैठकीत माना डोलावणारे.

पुढच्या वेळी असा अर्ज आला तर डोस का चुकला, हे मी विचारणार नाही. दवाखान्यापर्यंत रिक्षाचे भाडे किती होते आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी घरात कुणी भरून काढली, तेवढे अर्जाच्या मागे लिहून घेणार आहे.