वळणरस्ता गावाला वळसा घालत नाही

१/१२
मुंबई उपनगरात रस्तारुंदीकरणाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "गावठाणे रस्त्याच्या आड येतात." अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, वाक्य तेच. इतिहासाच्या कसोटीवर ते उलटे ठरते. गावे आधी होती. रस्ते नंतर आले, आणि तेही गावांच्या शेतांतून. या धाग्यात त्या वाक्याची झडती.

२/१२
१७७४ साली साष्टी बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे शीव येथे खाडीवर बांध झाला. १८४५ साली माहीमचा पूलही खुला झाला. सरकार खर्चास तयार नव्हते. तो भार लेडी अवाबाई जमशेटजी यांनी उचलला. एका वाटेने आग्रा रोडकडे, दुसरीने घोडबंदर रोडकडे जाता येऊ लागले.

३/१२
आजचे लालबहादूर शास्त्री मार्ग आणि स्वामी विवेकानंद मार्ग ते हेच. पहिला कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड असा जातो. दुसरा वांद्रे, अंधेरी, मालाड, बोरिवली असा. बैलगाडीच्या काळातील हे रस्ते वस्तीला धरून चालत. पाणी, बाजार आणि मुक्काम वस्तीतच मिळे. गाव हा त्या रस्त्यांचा अडथळा नव्हता, आधार होता.

४/१२
मोटारी वाढल्या आणि हेच रस्ते अपुरे पडू लागले. १९४८ च्या सुमारास एन. व्ही. मोडक (मोडकसागर ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते अभियंते) आणि अमेरिकी नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांची कल्पना त्यात होती. जुन्या वस्त्या टाळून लांब पल्ल्याची वाहने बाहेरून न्यायची, म्हणजे आजच्या भाषेत वळणरस्ता.

५/१२
अभियांत्रिकी म्हणून हा विचार चुकीचा नव्हता. गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकने मालाडच्या बाजारातून का जावे? आक्षेप आहे तो त्यामागच्या गृहीतकावर : रुळांच्या पूर्वेकडील जमीन "मोकळी" आहे. मोकळी म्हणजे काय? तेथे भातखाचरे होती, गुरचरण होते, पाडे होते. पूर्व द्रुतगती मार्गाच्या बाजूला खाजणे आणि मिठागरे होती. ज्या जमिनीवर इमारत नाही ती रिकामी, ही शहराची व्याख्या आहे, गावाची नव्हे.

६/१२
पुरावा हवा असल्यास दप्तरखान्यात जाण्याचीही गरज नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावरून धावणाऱ्या मेट्रो ७ ची स्थानके वाचावीत : ओवरीपाडा, देवीपाडा, मागाठाणे, पोईसर, आकुर्ली, कुरार, दिंडोशी, आरे, मोगरा, गुंदवली. ही गावांची आणि पाड्यांची यादी आहे. जी जमीन "मोकळी" होती, तिला इतकी नावे कोणी दिली?

७/१२
यांतले मागाठाणे तर विशेष. तेथे प्राचीन बौद्ध लेणी आहेत, आणि कान्हेरीच्या शिलालेखात दानभूमी म्हणून आलेले मंगलठाण ते हेच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मुंबई हे शहर जन्माला येण्याच्या शतकानुशतके आधी येथे शेत होते, त्या शेताला मालक होता आणि त्याच्या दानाची नोंद दगडावर कोरली गेली होती.

८/१२
आता निर्णयाचा प्रश्न. आराखडा मांडला गेला तेव्हा अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. उपनगरे महापालिकेत आली ती १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत. ज्या गावांच्या शिवारातून शहराचा रस्ता जायचा होता, त्यांना रेषा आखली जात असताना त्या शहराच्या सभागृहात मत नव्हते.

९/१२
वळणरस्ता गावाचे काय करतो, हे नीट पाहावे. तो घरे टाळतो आणि शेते घेतो. गावठाण म्हणजे गावातील राहण्याची जागा; महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ नुसार तिच्या सीमा जिल्हाधिकारी ठरवतात. शिवार विकले गेले, संपादित झाले, बिनशेती झाले. गावठाण तेवढेच राहिले. कुटुंबे वाढली, घरावर मजला चढला. मग त्याच घराला "अतिक्रमण" म्हणण्यास शहर मोकळे झाले.

१०/१२
बरे, वळणरस्ता वळणरस्ता तरी राहिला का? मुंबईत ५५ उड्डाणपुलांची योजना १९९० च्या दशकातच आली, आणि हे दोन्ही द्रुतगती मार्ग तिच्या केंद्रस्थानी होते. बाहेरून जाणाऱ्या वाहनांचा रस्ता दोन पिढ्यांत शहराचा मुख्य बाजाररस्ता झाला. रस्ता आला की कडेची जमीन महागते. जमीन महागली की वस्ती येते. वस्ती आली की रस्ता पुन्हा तुंबतो. किंमत वाढण्याआधी जमीन सोडणारा शेतकरी मात्र या चक्रात परत येत नाही.

११/१२
"रस्त्यांमुळेच उपनगरे घडली, गावकऱ्यांनाही नोकऱ्या आणि रुग्णालये मिळाली," असे उत्तर दिले जाते. ते खरे आहे. पण लाभ मिळाला म्हणून घेतलेल्याची नोंद पुसली जात नाही. हा प्रश्न जुनाही नाही. १२.२ किलोमीटरच्या गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे राष्ट्रीय उद्यानाखालील जुळे बोगदे प्रत्येकी ४.७ किलोमीटरचे आहेत. मुलुंडकडील टोकाचे नाव खिंडीपाडा. गोरेगावकडील टोक चित्रनगरीत, आरेच्या आदिवासी पाड्यांच्या शेजारी. बोगद्यामुळे जंगल वाचते हे मान्य. पण बोगद्याला दोन तोंडे असतात, आणि तोंडाशी माणसे राहतात.

१२/१२
म्हणून मागणी साधी आहे. रस्त्याची रेषा आखण्याआधी गावठाण, कोळीवाडा आणि पाडा यांची रेषा आखावी. अनेक गावठाणांच्या सीमा आजही वादात आहेत, आणि पाड्यांची तर गावठाण म्हणून नोंद होणेच दुर्मीळ. उपनगरातील काचेच्या मनोऱ्याच्या खरेदीखतात आजही "मौजे मरोळ, तालुका अंधेरी" असेच लिहावे लागते. सदनिका विकताना ज्याचे नाव चालते, त्या गावाला रस्ता आखताना अडथळा म्हणता येणार नाही.