एक नोव्हेंबरचे देणे

दिवाळीच्या आगेमागे येणारा एक नोव्हेंबर आपल्या मनात फारशी हालचाल करत नाही. आपला दिवस एक मेचा, हुतात्मा चौकात माथा टेकवण्याचा. पण याच तारखेला 1956 साली आंध्र प्रदेश जन्मला, 2000 साली छत्तीसगड. विशाखापट्टणममध्ये या दिवसाला काळी किनारही आहे. ‘विशाखा उक्कु, आंध्रुल हक्कु’ म्हणत, पोलाद कारखाना आमच्याच किनाऱ्यावर हवा म्हणून तेलुगू माणूस रस्त्यावर उतरला आणि 1 नोव्हेंबर 1966 रोजी तिथे गोळीबार झाला. त्या आंदोलनात 32 जीव गेले. पुढे 64 गावांची शेतीवाडी कारखान्याच्या कुंपणात गेली. जमिनीच्या बदल्यात नोकरीचे वचन देणारे ‘आर कार्ड’ कित्येक घरांत अजून जपून ठेवलेले आहे. नोकरी मात्र आलेली नाही.

अशा कारखान्यातील संपूर्ण सरकारी हिस्सा विकण्याचे केंद्राने जानेवारी 2021 मध्ये ठरवले. तोट्याचे कारण पुढे आले, आणि तोटा खोटा नव्हता. पण लोहखनिजाची स्वतःची खाण कारखान्याला कधी मिळालीच नाही, हे सांगताना मात्र आवाज खाली येतो.

छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या ‘बाल्को’ या सरकारी ॲल्युमिनियम कंपनीची कथाही याच वळणाची. 2001 साली 51 टक्के हिस्सा 551 कोटी 50 लाखांना विकला गेला, तेव्हा कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक काळ संप केला आणि मुख्यमंत्री अजित जोगी आदिवासींच्या जमिनीचा सवाल घेऊन उभे राहिले. त्यांच्या हाती आधार होता तो 1997 च्या ‘समता’ निकालाचा: अनुसूचित क्षेत्रातील जमीन खासगी कंपनीला देऊ नये, असे सांगणारा. तो खटला उभा राहिला होता विशाखापट्टणमच्याच डोंगरांतून! सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2001 च्याच डिसेंबरात ‘बाल्को’ची विक्री हा धोरणाचा विषय मानून ती वैध ठरवली.

अशा विरोधात स्वार्थ नसतो, असे आपण म्हणू नये. विरोधी बाकावर गर्जणारे नेते सत्तेत आले की मवाळ होतात, हेही आपण पाहतो. तरीही ज्याने शेत सोडले त्याने ते सरकारच्या शब्दावर सोडले. भागभांडवलाच्या हिशेबात त्या शब्दाचे मोल कोणी धरत नाही.

जानेवारी 2025 मध्ये विशाखापट्टणमच्या कारखान्याला 11,440 कोटींचे साहाय्य मंजूर झाले; ते स्वागतार्हच आहे. आता सरकारने आर कार्डांचा हिशेब आधी मिटवावा, आणि विक्रीचा विषय पुन्हा निघालाच तर त्या 64 गावांना विचारल्याशिवाय कागदावर सही करू नये.