डब्यातली चिठ्ठी फेकू नका



२०१७ च्या खरिपात वर्धा नदीच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, पऱ्हाटीवर फवारणी करणारी शेकडो माणसे इस्पितळात गेली. २० च्या आसपास दगावली. मग नेहमीचा निवाडा झाला: तोंडाला फडके नाही, हातमोजे नाहीत, शेतकरी अडाणी. आम्हाला हा निवाडा मान्य नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावरच येत होता. आणि पंपात काय भरले आहे, हे त्या माणसाला सांगितले कोणी होते?

कारखान्यातली रीत पाहा. १९८४ मध्ये भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांचा सुरक्षा माहिती तक्ता ठेवणे कारखानदाराला बंधनकारक केले. रसायन कोणते, अंगाला लागले तर काय होते, पहिला उपचार कोणता, सारे त्यात असते. तेच रसायन डब्यात भरून राजुरा, कोरपना, चामोर्शीच्या कृषी केंद्रात येते, तेव्हा तक्ता मागेच राहतो. आपल्या हाती येते घडी घातलेली पातळ चिठ्ठी, मुंगीएवढ्या अक्षरांची.

पण ही चिठ्ठी म्हणजे कंपनीची मेहेरबानी नव्हे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा तिच्यात छापावाच लागतो, तोही त्या भागातल्या भाषेत. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. एकरी मात्रा आम्हाला पाठ होती, गावोगाव तीच सांगत फिरलो. उताऱ्याची ओळ मात्र कधी वाचून दाखवली नाही. ही चूक आमची.

म्हणून आता चार गोष्टी वाचायला शिकू.

१) त्रिकोणाचा रंग. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शरीराच्या दर किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम पोटात गेल्यावर चाचणीतली निम्मी जनावरे मरतात, ते औषध लाल त्रिकोणाचे.

२) औषधाचे खरे नाव. छापाचे नाव मोठे असते, घटकाचे बारीक. डॉक्टरला घटकच लागतो. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकाच डब्यात मिळतात. पहिल्याच्या विषावर ॲट्रोपिन चालते, दुसऱ्याला खास उतारा नाही. नुसते ‘फवारणीचे औषध लागले’ म्हटल्याने डॉक्टरने काय समजावे?

३) लक्षणे. डोळ्यांपुढे अंधुक, तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलटी, धाप. हा उन्हाचा त्रास समजून झाडाखाली झोपवू नका.

४) प्रथमोपचार. कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा, चिठ्ठी आणि डबा घेऊनच दवाखाना गाठा. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटर आहे. इतक्या वाटेत माणूस बेशुद्ध झाला तर त्याच्या वतीने ती चिठ्ठीच बोलेल.

एक कडू गोष्टही बोलू. फवारणीला मजूर लावणारा शेतकरी त्या दिवशी मालक असतो. औषध कालवणारी, पाणी आणून देणारी बाई बहुधा मजूरच असते. कंपनीकडून जे मागायचे, ते आधी तिला द्यावे लागेल: पंप भरण्यापूर्वी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवा.

आणि मागणी सरळ आहे. चिठ्ठी मोठ्या मराठी अक्षरांत हवी. माडिया-गोंडी बोलणाऱ्या भावांसाठी चित्रांची हवी. विक्रेत्याने ती उघडून दाखवावी. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात खरीपभर ॲट्रोपिन असावे.

पुढच्या बैठकीला येताना घरातल्या औषधांच्या चिठ्ठ्या खिशात घालून आणा. ज्याला अक्षर लागत नाही, त्याला शेजारचा वाचून दाखवील. जी चिठ्ठी कोणालाच वाचता येणार नाही, ती आपण सारे मिळून कृषी अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवू आणि म्हणू, साहेब, आता तुम्ही वाचा.